डावीकडचे लाल

ता. ४, सोमवार

रात्रभर झोपले नाही. कारण लिहिते. ढबू रडली असती तर एक वेळ समजलं असतं, पण माझी लेक गाढ झोपली होती, आणि तिचा बाप पलीकडच्या खोलीत टीव्हीवर स्नूकर खेळत बसला होता. टक्. मग शांत. मग परत टक्. टक्चं काही वाटत नाही, मधलं शांत असतं ना, ते जीव खातं. आता वाजेल, आता वाजेल म्हणून मी आढ्याकडे बघत पडलेली.

ही वही मला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी लिहायला लावली. ढबू झाल्यापासून मला सारखी भीती वाटते. ती श्वास घेते का बघायला उठते, गॅस बंद आहे का बघायला उठते, कडी लावली का बघायला उठते. नर्सबाई म्हणाल्या, "मनात येईल ते लिहून टाक. शुद्धलेखन कोणी तपासणार नाही." बरं झालं. मी आठवीत शाळा सोडली.

तर स्नूकर. मला आता तोंडपाठ झालंय. हिरवं टेबल, त्यावर लाल बॉल ढीगभर आणि रंगीत सहा. पांढऱ्याने मारायचं. लाल कडेच्या भोकात घालायचा, मग एक रंगीत, मग परत लाल. रंगीत पडला की पांढरे हातमोजे घातलेला माणूस तो काढून परत जागेवर ठेवतो. आमच्या घरात ते काम माझ्याकडे आहे, हातमोजे नाहीत एवढंच. लाल सगळे संपले की रंगीत एकेक करून घालायचे. नको त्या बॉलला धक्का लागला की फाउल, आणि मार्क समोरच्याला. टीव्हीतले लोक टाळ्या वाजवतात, मधेच कोणीतरी खोकतं. हे म्हणतात, अगदी खऱ्यासारखं आहे. खऱ्यात माणूस टेबलाभोवती चार पावलं चालतो तरी. हे सोफ्यावरून हलत नाहीत.

हे फॅक्टरीची बस चालवतात. कामगारांना आणायचं, सोडायचं. आता मशिनं दुरुस्तीला काढलीत म्हणून फॅक्टरी दोन आठवडे बंद. मशिनं बंद तर कामगार बंद, कामगार बंद तर बस बंद, बस बंद तर हे घरात. सासूबाई म्हणतात, "बसू दे गं, वर्षभर राबतो." मी काय वर्षभर झोपाळ्यावर बसते? मला दुरुस्तीला कोण काढतंय?

ता. ६, बुधवार

दादा येऊन गेला, आणि घरात भांडण ठेवून गेला.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. बसच्या डेपोत मेकॅनिक आहे, यांची गाडी तोच बघतो. हा खेळसुद्धा त्यानेच आणून दिलेला, ढबू झाली तेव्हा. लोक बाळाला झबली आणतात, हा बाळाच्या बापाला खेळणं घेऊन आला. मी तेव्हाच म्हटलं होतं, दादा, तुझी अक्कल कुठे गहाण पडलीय.

यांनी महिनाभर धोशा लावला होता की रिमोट खराब झालाय. (मी रिमोट म्हणते, हे दर वेळी सांगतात, "कंट्रोलर म्हण." मी रिमोटच म्हणते.) डावीकडे नीट वळत नाही म्हणे. म्हणून दादा स्वतःचा घेऊन आला. दोघं खेळायला बसले. दादा आजवर एकदाही जिंकला नव्हता. हे लहानपणी स्नूकरच्या हॉलमध्ये खऱ्या टेबलावर खेळलेले, दादाचा हात पाना फिरवणारा. पण आज दादा जिंकत सुटला.

"दाजी, तो लाल सोडलात की हो. भोकाच्या तोंडावर होता. फुंकर मारली तरी पडला असता."

"कुठला?"

"तो काय."

"तो अवघड होता."

"अवघड? माझी बहीण घालेल तो, पाठ करून."

मी म्हटलं, "मला मधे ओढू नका, माझे हात साबणाचे आहेत."

शेवटी हे म्हणाले, "हा पण कंट्रोलर खराब आहे." दादा खो खो हसला. "नाचता येईना, अंगण वाकडं. मागच्या महिन्यात डेपोचं गेट वाकडं होतं. दोनदा डावा आरसा बदललाय मी तुमचा, साहेबांना न सांगता. गेट काय रात्री सरकतं का, दाजी?"

झालं. यांनी रिमोट सोफ्यावर आपटला. "आरशाचे उपकार मोजून दाखवतोस? ऊठ. परत या घरात पाय ठेवू नकोस." दादा पण कमी नाही. उठला, चपला घातल्या, चहा तसाच टाकून गेला. जाताना ढबूच्या गालाला हात लावला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

एक म्हणतो त्याने आधी फोन करावा, दुसरा काही म्हणतच नाही. दोन बैलांच्या मधे मी जू.

ता. ७, गुरुवार

आज विशेष काही नाही. यांनी अर्धंच ताट खाल्लं. भाजीला बोट लावलं नाही. म्हटलं, भाजी बिघडली का? तर म्हणतात, "भाजी वाढलीस कुठे?" समोर होती, ताटातच. भांडण माझ्या भावाशी, राग माझ्या भाजीवर.

ता. १०, रविवार

दाराची कडी तीनदा बघून आले, आता लिहिते.

मी कपडे धुवत होते. सासूबाई खाली दूध आणायला गेलेल्या. हे सोफ्यावर, आणि ढबूला मी त्यांच्या शेजारी चटईवर बसवलं होतं. अगदी पायाशी. बजावलं होतं, "लक्ष ठेवा, ती आता सरपटते." "हो हो," म्हणाले. माझे कपडे पिळून होतात न होतात तोच बाहेरून शिंपीणकाकूंची हाक. समोरच्या घरात राहतात त्या.

"अगं ए, ही कोणाची पोरगी जिन्यावर?"

मी धावले. ढबू पहिल्या पायरीच्या काठावर. काकूंनी झबल्याला धरून ठेवलेली. दार सासूबाईंनी नुसतं लोटलेलं असणार. ढबू आपली हसतेय, तोंडात काकूंच्या चपलेची पट्टी.

मी आत आले. हे अजून खेळत होते! मी त्यांच्या समोर उभी राहिले तेव्हा म्हणतात, "सरक, दिसत नाही."

"पोरगी कुठे आहे?"

"ही काय इथे," म्हणाले आणि शेजारी हात फिरवला. चटईवर.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. जिन्याखालपर्यंत ऐकू गेलं. हे पांढरे पडले. सारखं एकच, "ती माझ्या समोरून गेली नाही. मी बघत होतो. शप्पथ सांगतो, गेली नाही." दाराकडे जायला त्यांच्या डाव्या हाताशीच वाट आहे, दुसरी कुठली आहे? उडत गेली का? खोटं बोलायलासुद्धा काही माप असतं.

सासूबाई आल्या, त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "पुरुषाचं लक्ष ते असंच. तू पण ना, लगेच आकाश पाताळ एक करतेस." म्हणजे परत माझंच चुकलं.

संध्याकाळी यांनी टीव्ही लावला नाही. दाराला वर दुसरी कडी बसवली. तीन ठिकाणी भोकं पाडली तेव्हा एक नीट जमलं. मग ढबूला मांडीवर घट्ट धरून बसले, ती वळवळली तरी सोडेनात. डोकं दुखतंय म्हणाले. दुखू दे, म्हटलं. म्हणजे मनात म्हटलं.

ता. १२, मंगळवार

सकाळी यांना उलटी झाली. परवा पण झाली होती. सासूबाईंना म्हटलं, दिवस जायचे ते मला, आणि उलट्या तुमच्या मुलाला. त्या हसल्या. हे हसले नाहीत.

दुपारी ढबू झोपल्यावर मला म्हणाले, "ये, बस. शिकवतो तुला." मी म्हटलं, भांडी पडलीत. "पडू देत. माझ्याबरोबर कोणी खेळत नाही." असं बोलले की माझा राग विरघळतो, तीच तर पंचाईत आहे.

एका अंगठ्याने नेम धरायचा, दुसऱ्याने काठी मागे ओढून सोडायची. एक पांढरी रेघ दाखवते बॉल कुठे जाईल ते. पहिले दोन डाव मी नुसते फाउल केले. एकदा पांढराच बॉल भोकात घातला. हे हसून हसून वाकले. किती दिवसांनी हसले.

तिसऱ्या डावात माझा लाल पडला! मग काळा पडला! टीव्हीतले सगळे टाळ्या वाजवायला लागले. मला कधी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. बारशाला वाजवल्या, पण त्या ढबूला.

आणि मी जिंकले. मग माझ्या लक्षात आलं यांची लबाडी. हे सोपे सोपे लाल माझ्यासाठी सोडून देतात! उजवीकडचे स्वतः घेतात, डावीकडचे भोकाच्या तोंडाशी असले तरी हात लावत नाहीत. मला काय, मी आपली जाऊन एकेक वेचते, झाडाखाली पडलेली फळं वेचावी तशी. तोंडाने सॉरी म्हणायला जीव जातो, म्हणून असं म्हणतात. आमचे हे असेच आहेत. मी काही बोलले नाही. बोललं की बंद करतील.

ता. १४, गुरुवार

लाडात म्हणून सोडत असतील असं मी समजले होते, तर हरल्यावर असं कोणी वागतं का? काल तीन डाव मी जिंकले, आज दोन. सासूबाईंनी जिन्यात सांगितलं, "आमची सून हरवते त्याला." शिंपीणकाकू शिलाई सोडून बघायला आल्या. म्हणाल्या, "काय हो ड्रायव्हरसाहेब, घरातच ओव्हरटेक?"

यांना झोंबलं. काकू गेल्यावर मला म्हणतात, "तू चीटिंग करतेस."

"मी? मला तो खेळ सुरूसुद्धा करता येत नाही."

"मी डाव सोडतो तेव्हा टेबलावर काही नसतं. तू बसलीस की बॉल येतात कुठून?"

"येतात कुठून म्हणजे? तुम्हीच सोडता की."

"मी कशाला सोडीन?"

उठले ते तरातरा, चहाचा कप सांडला, पुढे जाऊन दाराच्या चौकटीवर खांदा आपटला आणि चौकटीला शिवी दिली. ती चौकट आम्ही राहायला आल्यापासून तिथेच आहे. एका पायातली स्लीपर इथे गळून पडली, ती न घालताच बाहेर उभे. मी उचलून नेऊन दिली. हातमोजेवाला माणूस मी.

हरायचं नाही, जिंकायचं नाही, दुसऱ्याला जिंकू द्यायचं नाही. माझ्या डोक्याला अगदी ताप झालाय. सोमवारी फॅक्टरी सुरू होऊ दे एकदाची.

ता. १६, शनिवार

काय लिहू.

दुपारी परत बसलो. मी नको म्हणत होते, हे म्हणाले, शेवटचा डाव. चांगले खेळले. उजव्या बाजूचे सगळे लाल एकामागून एक घातले. मग आरामात मागे टेकले आणि म्हणाले, "टेबल साफ. आता पिवळा."

मी म्हटलं, "साफ कुठे? लाल आहेत की."

"संपले."

मला वाटलं थट्टा करतायत. डावीकडे चार लाल होते, द्राक्षाच्या घोसासारखे. खाली लाल टिकली पण दाखवत होती, लाल मारायचा आहे म्हणून. यांनी पिवळ्याला मारलं. फाउल. मार्क मला. मी पाळी परत त्यांनाच दिली, यांनी परत पिवळ्यालाच मारलं. परत फाउल. मग टीव्हीशी भांडायला लागले. "डोकं फिरलंय याचं! सगळे लाल घातलेत मी! कसला खऱ्यासारखा खेळ, डोंबलाचा!"

"अहो, पुरे झाली नाटकं," मी म्हटलं, आणि रिमोट त्यांच्या हातातून ओढून घेतला. ओढताना कुठलं तरी बटण दाबलं गेलं, आणि टेबल फिरलं. म्हणजे आपण टेबलाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभं राहिलो तर कसं दिसेल, तसं. डावीकडचं उजवीकडे आलं.

हे एकदम पुढे झुकले. "अरे," म्हणाले, "हे कुठून आले?"

मी परत ते बटण दाबलं. टेबल फिरून होतं तसं झालं.

"गेले," म्हणाले.

तसंच म्हणाले, हळू. मी तोंडावर पदर घेऊन ढबूला भॉक करते तेव्हा तिचा चेहरा असा होतो. मी परत दाबलं. आले. परत दाबलं. गेले. मला थांबायचं होतं पण माझा अंगठा थांबेना.

मग मी रिमोट ठेवला आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. अगदी कानाशी. काही बोलले नाही. हे समोर बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "कुठे गेलीस?"

जिना आठवला. ढबू त्या दिवशी याच बाजूने गेली होती.

यांनी माझा हात शोधून धरला. "कोणाला सांगायचं नाही," म्हणाले. "थकवा आहे. सुट्टीत सारखा टीव्ही बघितला ना, त्याने झालंय. डोळे चांगले आहेत माझे, बघ, ते कॅलेंडर वाचून दाखवतो." आणि वाचून दाखवलं. अर्ध्या आठवड्याचे वार वाचले आणि थांबले, झालं म्हणून.

"सोमवारी गाडी काढायची नाही," मी म्हटलं.

"गाडी नाही काढली तर डॉक्टरकडे पाठवतील. लायसन गेलं तर मी कोण? मला दुसरं काय येतं? ढबूच्या डोक्यावर हात ठेव आणि सांग, कोणाला बोलणार नाहीस."

मी नाही ठेवला हात. मी सगळ्याला घाबरते, पण हात नाही ठेवला. म्हटलं, लेकराची शपथ मी असल्या कामाला घेत नाही. हे भिंतीकडे तोंड करून झोपले. मला आधी वाटलं रुसलेत. मग पाठ हलताना दिसली.

ता. १७, रविवार

सासूबाईंना सांगून बघितलं. म्हणाल्या, "नजर लागली असेल, नाहीतर चष्मा लागला असेल. तू त्याला घाबरवू नकोस. तुझं मन आधीच भित्रं." माझी भीती सगळ्यांना इतकी सवयीची झालीय की खरी आली तरी कोणी दार उघडत नाही.

हे सकाळपासून सराव करतायत. खेळाचाच. आता मान वळवून बघतात. आधी पूर्ण डावीकडे वळतात, खांदा फिरेपर्यंत, तेव्हा त्यांना ते लाल सापडतात, मग नेम धरतात. दुपारी मला बोलावलं आणि हरवलं. नीट हरवलं, डावीकडचा एकही न सोडता. टाळ्या वाजल्या.

"बघ! आहे का काही? नुसतं मान वळवायचं लक्षात ठेवायचं."

घाम आला होता त्यांना. किती खूश झाले होते. मला पण एक क्षण वाटलं, असेल, जमेल. खरंच वाटलं.

मग म्हटलं, "अहो, बॉल थांबतो. तुम्ही मान वळवून, बघून, पाणी पिऊन आलात तरी तो जागेवर थांबतो. रस्त्यावरचं माणूस थांबेल का?"

बराच वेळ तो रिमोट हातात फिरवत राहिले.

"त्या बसमध्ये माणसं बसतात," मी म्हटलं. "पॅकिंगमधल्या बायका बसतात. पॅकिंगला होते तेव्हा मी पण बसायचे."

"माहीत आहे गं."

"मग दादाला सांगू या. तो कोणाला न बोलता दुसरा ड्रायव्हर लावेल. आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. एवढंच."

"तुझ्या भावाला?" म्हणाले. तोंड कडू केलं. पण मग ढबू रांगत आली आणि त्यांच्या डाव्या गुडघ्याला धरून उभी राहिली, आज पहिल्यांदाच. मी ओरडले, बघा, बघा! यांनी आधी उजवीकडे बघितलं. मग समोर. मग आठवण झाल्यासारखी मान वळवली, तोपर्यंत ती धपकन बसली होती.

तेव्हा म्हणाले, "ठीक आहे. सकाळी मी स्वतः जाऊन दादाला सांगतो. माझ्या तोंडाने. तू फोन करू नकोस, तेवढी लाज राहू दे माझी." डोळ्यांत पाणी होतं. मी हो म्हटलं. माझ्यावर उपकार केल्यासारखं वाटलं मला. आज झोप येईल.

ता. १८, सोमवार, सकाळ

सासूबाई, तुम्ही दूध घेऊन आलात की हे वाचा. शिंपीणकाकू, तुम्ही वाचलंत तरी चालेल. कोणीही वाचा. दार उघडंच ठेवून जातेय.

हे निघून गेले. मी ढबूला आंघोळ घालत होते, बाहेर आले तर खुंटीवर गणवेश नाही. दादाला सांगायला जाणारा माणूस गणवेश कशाला घालेल? नुसता घातला असेल, सवयीने, असं मी मनाला समजावत होते. मग टेबलावर बघितलं. आमचे दोन्ही फोन शेजारी शेजारी चार्जिंगला होते. यांनी उजवीकडचा उचलला, तो माझा. यांचा डावीकडे तसाच पडलाय. तो त्यांच्या अंगठ्याशिवाय उघडत नाही. तीनदा वाजला आत्ता. उचलला तर कोणी साहेब, विचारतात, "निघालास का? पहिली ट्रिप तुझीच आहे, लोक स्टॉपवर उभे आहेत." मी काही म्हणायच्या आत ठेवला. आता वाजत नाही.

म्हणजे सांगणार नाहीत. गाडी काढणार आहेत.

काकूंचं दार ठोठावलं, कुलूप आहे. सासूबाई, तुम्हाला यायला वेळ लागतो, तुमचे गुडघे. मी ढबूला घेऊन डेपोत जातेय. धावत जाईन, पण ही कडेवर, किती धावणार. दादाचा नंबर हातावर पेनाने लिहिलाय, वाटेत कोणी फोन दिला तर करीन. पण केस मोकळे, लेकरू ओलं, अशा बाईला कोण फोन देतं, वेडी समजून बाजूला होतील. म्हणून इथे पण लिहून ठेवते. नंबर फ्रीजच्या शेजारी भिंतीवर पेन्सिलीने आहे, सगळ्यात वरचा.

दादाला म्हणावं, यांची बस गेटच्या बाहेर जाऊ द्यायची नाही. चाकातली हवा काढ, किल्ली लपव, गाडीखाली जाऊन झोप, काय वाटेल ते कर. म्हणावं आरशाचा विषय काढू नकोस आणि लोकांसमोर ओरडू नकोस. यांची चूक नाही. हे खोटं बोलत नव्हते, गेटबद्दल पण नाही आणि ढबूबद्दल पण नाही. मी बोलले ते सगळं परत घेते. आणि त्यांच्याजवळ उजव्या बाजूने जा म्हणावं, नाहीतर कोणी आलंय हे त्यांना कळणार नाही, आणि ते इंजिन सुरू करतील.

मी जिना उतरतेय. जो कोणी हे वाचेल, बाकी सगळं नंतर वाचा, आधी माझ्या दादाला फोन करा.